शेनँडोआचे फॉल कलर्स: तारखेआधी उंची बघा

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहतो, पुण्याहून आईबाबा आलेत, दोघंही सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात. ऑक्टोबरात एकच वीकेंड हाताशी आहे आणि व्हर्जिनियातल्या शेनँडोआ नॅशनल पार्कला पानगळीचे रंग बघायला जायचंय. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात नकाशावर ‘पीक’ (रंग ऐन भरात) दाखवत होते म्हणून गेलो, तर वरची निम्मी झाडं उघडी आणि उरलेली तपकिरी. नेमकं कधी जावं, कुठून शिरावं, कुठे थांबावं?

गेल्या वर्षी तुमची तारीख फारशी चुकली नव्हती. तुम्ही जिथे थांबलात तिथला रंग आधीच खाली सरकला होता, एवढंच. शेनँडोआत रंग डोंगर उतरत येतो, आणि ही एक गोष्ट धरून आखणी केली की बाकीचं सोपं होतं.

हा पार्क ब्लू रिजच्या डोंगरधारेवर उत्तर-दक्षिण पसरलेला, लांबट आणि चिंचोळा आहे. धारेवरून स्कायलाइन ड्राइव्ह हा १०५ मैलांचा रस्ता जातो. पार्कचा सगळ्यात सखल भाग जेमतेम साडेपाचशे फुटांवर, तर हॉक्सबिलचं शिखर ४,०५० फुटांवर. दर हजार फुटांमागे तापमान ३ ते ५ अंश फॅरनहाइटने उतरतं, त्यामुळे माथ्यावर आणि पायथ्याला एकाच दिवशी दोन वेगळे ऋतू चाललेले असतात. सर्वसाधारण वर्षात तीन हजार फुटांच्या वरचा रंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात भरू लागतो आणि २०-२२ तारखेपर्यंत टिकतो. मधल्या उंचीवर तो २० ते ३० च्या दरम्यान असतो. पायथ्याशी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. वर्षागणिक हे पाच-सात दिवस मागेपुढे होतं. गावोगावचे रंग दाखवणारे देशभराचे नकाशे ढोबळ असतात. एकाच काउंटीत (जिल्ह्यात) तीन हजार फुटांचा चढ आहे हे त्या एका रंगाच्या ठिपक्यात मावत नाही. त्यापेक्षा पार्कच्या संकेतस्थळावरचा दर आठवड्याचा रंगांचा अहवाल आणि वेबकॅम बघा. व्हर्जिनियाच्या वनविभागाचाही साप्ताहिक अहवाल असतो.

एकच वीकेंड असेल तर ऑक्टोबरचा तिसरा शनिवार-रविवार धरा. दुसऱ्या सोमवारी कोलंबस डेची सुट्टी असते. तिला लागून येणारा लाँग वीकेंड मुद्दाम टाळा, त्या तीन दिवसांत गेटवर आणि पार्किंगमध्ये जेवढा वेळ जातो तेवढा झाडांखाली मिळत नाही. शुक्रवारची रजा टाकता आली तर शुक्रवार-शनिवार करा, फरक लगेच जाणवेल.

आता रंग कुठून येतो ते थोडं सांगतो, कारण ‘या वर्षी बरा असेल का’ हा अंदाज त्यावरूनच बांधता येतो. दिवस लहान झाले की पानाच्या देठापाशी बुचासारखा एक थर तयार होऊ लागतो आणि पानात नवं हरितद्रव्य बनणं थांबतं. हिरवा ओसरला की आधीपासूनच पानात असलेला पिवळा दिसू लागतो. म्हणून पिवळा रंग दरवर्षी हमखास. लालचं तसं नाही. लाल रंगद्रव्य झाड शरद ऋतूत नव्याने बनवतं, आणि तेही पानात अडकलेल्या साखरेपासून. लख्ख उन्हाचे दिवस साखर बनवतात, गार पण न गोठणाऱ्या रात्री तिला पानातच थोपवून धरतात. असे आठ-दहा दिवस सलग मिळाले तर लाल पेटतो. ढगाळ, उबदार ऑक्टोबरात तो फिका राहतो, कडक हिम आधीच पडलं तर पान लाल होण्याआधीच करपतं, आणि उन्हाळा फार कोरडा गेला तर झाड पानं लवकर टाकून मोकळं होतं. रंग ऐन भरात असताना वारा-पावसाचा एक दणका बसला तरी माथा एका रात्रीत उघडा पडतो.

आईबाबांना हे समजावताना आपल्याकडची उदाहरणं उपयोगी पडतील. सह्याद्रीत कुसुम मार्च-एप्रिलमध्ये लालभडक होतो, पण ती कोवळी पालवी असते. इथलं लाल पान गळायच्या वाटेवरचं असतं. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरचा देशी बदाम मात्र गळण्याआधी लाल होतो. तो डोळ्यांसमोर आणला की इथलं जंगल लगेच कळतं.

आणखी एक गैरसमज आधीच काढून टाकायला हवा. व्हरमाँट किंवा मेन या ईशान्येकडच्या राज्यांचे फोटो बघून इथे येऊ नका. तिकडे शुगर मेपल आणि बर्च जास्त, त्यामुळे भडक केशरी-लाल मिळतो. शेनँडोआ मुख्यतः ओक आणि हिकरीचं जंगल आहे. शंभर वर्षांपूर्वी इथे चेस्टनटची प्रचंड झाडं होती. बुरशीच्या साथीत ती मेली आणि त्यांची जागा बरीचशी ओकने घेतली. इथला मुख्य रंग तांब्याचा, सोन्याचा आणि गेरूचा, त्यात लालचे तुकडे. तुम्हाला गेल्या वर्षी जे ‘तपकिरी’ वाटलं त्यातलं बरंचसं ओक असावं. ओक सगळ्यात उशिरा रंगतो, आणि भर दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात तो मेल्यासारखाच दिसतो. तोच ओक संध्याकाळी पाचनंतर, सूर्य पानांच्या मागे आला की, घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा झळाळतो. त्यामुळे ओकच्या उतारांसाठी वेळ निवडायची ती सकाळची किंवा उतरत्या उन्हाची.

झाडं ओळखता आली तर जंगल दुप्पट दिसतं. सगळ्यात आधी लाल होतो तो ब्लॅक गम, चकचकीत पानांचा, बाकी सगळं हिरवं असताना एकटाच पेटलेला. ट्यूलिप पॉप्लरही लवकर पिवळा पडतो. त्याच्या पानाचं टोक कात्रीने आडवं कापल्यासारखं असतं, एकदा पाहिलं की विसरायला होत नाही. हिकरी गडद सोनेरी. डॉगवुड बुटका, रस्त्याकडेचा, वाइनसारखा लाल. ससाफ्रास आईबाबांना जवळून दाखवा: एकाच फांदीवर तीन आकारांची पानं असतात. एक साधं लांबट, दुसरं एका अंगठ्याच्या हातमोज्यासारखं, तिसरं तीन बोटांचं. त्याचा पिवळा-केशरी एकाच पानात शिरेपासून कडेपर्यंत बदलत जातो. अ‍ॅशची झाडं मात्र बहुतेक मेलेली दिसतील. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाच्या किड्याने ती खाल्ली आहेत. म्हणूनच कॅम्पफायरसाठी बाहेरचं कच्चं लाकूड पार्कमध्ये आणायला बंदी आहे.

आणि एक वेल, जिच्याबद्दल निष्काळजी राहून चालत नाही. खोडांवर चढलेल्या लालभडक वेली दोन प्रकारच्या दिसतात. एका देठाला पाच पानं असतील तर व्हर्जिनिया क्रीपर, त्याच्यासोबत खुशाल फोटो काढा. तीन पानं असतील तर पॉयझन आयव्ही. तीही ऑक्टोबरात सुंदर लाल-केशरी होते आणि फोटोसाठी माणसं नेमकी तिलाच टेकून उभी राहतात. तिची वेल जुनी असेल तर खोडावर केसाळ दोरखंडासारखी दिसते. ही आंबा आणि बिब्ब्याच्या कुळातली. ज्यांना आंब्याच्या चिकाने तोंडावर फोड येतात त्यांना हिचा त्रास होण्याची शक्यता जास्त. हात लागलाच तर शक्य तितक्या लवकर साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, आणि ते कपडे वेगळे काढा. तिचं तेल कपड्यांवर टिकून राहतं आणि दोन दिवसांनी तिथूनही लागतं.

मार्गाचं बघू. न्यू जर्सीहून आय-९५ महामार्गाने वॉशिंग्टन डीसीकडे जाऊ नका. आय-७८ ने हॅरिसबर्ग, तिथून आय-८१ दक्षिणेला, मग फ्रंट रॉयल आणि लुरे. पाच-साडेपाच तास लागतात, पण शुक्रवारी संध्याकाळी हा रस्ता डीसीच्या वाटेपेक्षा कितीतरी शांत. मुक्काम लुरे गावात करा. पार्कच्या आत स्कायलँड आणि बिग मेडोज ही लॉज आहेत, पण ऑक्टोबरातल्या वीकेंडच्या खोल्या फार आधी जातात.

पार्कला चार दारं आहेत: उत्तरेला फ्रंट रॉयल, मग थॉर्नटन गॅप (मैल ३१.५), स्विफ्ट रन गॅप (मैल ६५.५) आणि दक्षिणेला रॉकफिश गॅप (मैल १०५). डीसीची सगळी गर्दी फ्रंट रॉयलला येते आणि ऑक्टोबरच्या शनिवारी तिथली रांग भराभर लांबते. लुरेहून थॉर्नटन गॅप पंधरा-वीस मिनिटांवर आहे, तिथूनच शिरा. जीपीएसमध्ये नुसतं ‘शेनँडोआ नॅशनल पार्क’ टाकलं तर ते भलत्याच आडरस्त्याच्या टोकाला नेऊन सोडू शकतं. दाराचं पूर्ण नाव टाका. आत मोबाइलला रेंज बहुतेक ठिकाणी नसते, म्हणून नॅशनल पार्क सर्व्हिसचं अ‍ॅप घेऊन शेनँडोआची माहिती ऑफलाइन उतरवून ठेवा. त्यानंतर मैलाचे दगड हाच खरा पत्ता. ते उत्तरेकडून शून्यापासून सुरू होतात आणि रस्त्याच्या पश्चिम बाजूला असतात.

प्रवेश गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालतो. तुमच्याकडे वार्षिक पास असेल तर तो ज्याच्या नावावर आहे ती व्यक्ती गाडीत हवी, आणि फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा. आईबाबांचं वेगळं तिकीट लागत नाही. २०२६ पासून परदेशी पाहुण्यांकडून अकरा मोठ्या पार्कांमध्ये माणशी १०० डॉलर जादा घेतले जातात. मेनमधलं अकेडिया त्यात आहे, शेनँडोआ नाही. भारतातून आलेल्यांना घेऊन फॉल कलर्स बघायचे असतील तर हा फरक लहान नाही. तरी निघण्याआधी दर एकदा तपासून घ्या.

शनिवारी सकाळी सातच्या आत दारातून आत या. तिसऱ्या आठवड्यात सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मावळतो. थॉर्नटन गॅपहून दक्षिणेला वळलं की लगेच मेरीज रॉकचा बोगदा लागतो, दिवे लावा. त्यानंतर मैल ३३ वरचा हेझल माउंटन ओव्हरलूक (रस्त्याकडेला थांबून दृश्य बघायची जागा) पूर्वेला उघडा आहे, बसायला मोठे खडक आहेत. सूर्योदय इथेच. खालच्या दऱ्यांत धुकं साचलेलं असेल तर जागचे हलू नका, ते वितळत जाताना उतारांचे रंग एकेक करून वर येतात. नाश्ता मैल ३६.७ च्या पिनॅकल्स पिकनिक ग्राउंडवर. टेबलं आहेत, स्वच्छतागृह आहे. ओव्हरलूकवर सहसा स्वच्छतागृह नसतं, त्यामुळे वयस्कर माणसं बरोबर असताना पिनॅकल्स, स्कायलँड आणि बिग मेडोज हे तीन थांबे डोक्यात ठेवूनच अंतर आखा.

ज्यांचे पाय भक्कम आहेत त्यांनी नऊच्या आत स्टोनी मॅन करून घ्यावा. मैल ४१.७ ला स्कायलँडच्या उत्तरेकडच्या फाट्यावर सुरुवात, जाऊन-येऊन १.६ मैल, चढ साडेतीनशे फुटांच्या आत, आणि टोकाला चार हजार फुटांवरचा कडा. खाली शेनँडोआ नदीचं खोरं, समोर मॅसनटनची धार. दहा-साडेदहानंतर पार्किंग भरतं. आईंना गुडघ्यामुळे हे नको असेल तर त्यांच्यासाठी मैल ४३ चा लिम्बरलॉस्ट ट्रेल आहे. १.३ मैलांचा गोल फेरा, बारीक खडी दाबून केलेली सपाट वाट, चढ नावापुरता, मध्ये बसायला बाकं. माझ्या मते वयस्करांसाठी पार्कमधली ही सगळ्यात चांगली वाट, कारण इथे रंग दुरून नव्हे तर डोक्यावर असतो. डार्क हॉलो धबधबा (मैल ५०.७) मात्र त्यांना नको. जाऊन-येऊन दीड मैलाच्या आतच आहे, पण जाताना सगळा उतार आणि परतताना ४४० फूट चढ. शिवाय ओल्या पानांखालचा दगड निसरडा असतो. दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार वाईट, हे इथे विसरलं जातं. ओल्ड रॅगचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तो सात-आठ तासांचा खडकांतला चढ आहे, स्कायलाइन ड्राइव्हवरून तिथे जाता येत नाही, आणि १ मार्च ते ३० नोव्हेंबर वेगळं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं. या फेरीत तो विचार नको.

पुढे मैल ४४.४ चा क्रेसंट रॉक, तिथून हॉक्सबिलचा अख्खा उतार समोर दिसतो. मग मैल ५१ चं बिग मेडोज. इथे जंगल संपून मोठं कुरण लागतं आणि त्यातली ब्लूबेरीची गुडघाभर झुडपं किरमिजी झालेली असतात. आकाश, गवताचा फिका पिवळा आणि हे लाल, असं पार्कमध्ये दुसरीकडे मिळत नाही. कुरणात चालायला चढ नाही, आई आरामात येतील. जेवण आटोपून स्विफ्ट रन गॅपने बाहेर पडा आणि एल्कटनवरून खालच्या रस्त्याने लुरेला परता. या रस्त्यावर पायथ्याचे रंग आणि वरची पूर्ण धार दोन्ही दिसतात.

गाडीचा वेग ताशी ३५ मैलांच्या वर नेता येत नाही, आणि न्यायचाही नाही. वळणं सतत आहेत. आईबाबांपैकी कुणाला गाडी लागत असेल तर त्यांना पुढे बसवा आणि निघण्याआधी पोटात हलकंच काहीतरी असू द्या. पेट्रोल लुरेलाच भरून घ्या, आत मिळेलच असं धरू नका. शाकाहारी जेवणाचे पर्याय आत मोजकेच. पोळी-भाजी, थेपले, थर्मासमध्ये चहा असं बरोबर असलं तर दिवस तुमच्या हातात राहतो. पण उरलेलं अन्न टेबलावर किंवा उघड्या पिशवीत ठेवू नका. अस्वलं ऑक्टोबरात हिवाळ्यासाठी खाऊन घेत असतात, डबे गाडीच्या डिकीत बंद करा. हरणांचाही हा माजाचा काळ, अंधार पडताना ती अचानक रस्त्यावर येतात. कपड्यांचं म्हणाल तर लुरेपेक्षा वर दहा अंश फॅरनहाइट तरी गार असतं. पहाटे चार-पाच सेल्सियस आणि वारा. आईबाबांना कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट हवंच, नुसता स्वेटर पुरत नाही. पानांच्या ढिगात गोचीड असते, संध्याकाळी सगळ्यांचे पाय आणि मोजे तपासा. पानं घरी न्यायला बंदी आहे, गळलेलीसुद्धा.

फोटोंसाठी एवढं लक्षात ठेवा: सकाळी दहा ते बारा पश्चिमेकडचे ओव्हरलूक, कारण सूर्य पाठीमागे असतो आणि उतार उजळलेले असतात. तीननंतर पूर्वेकडचे. पानांवरची पांढरट चमक कॅमेऱ्यात रंग खाऊन टाकते, पोलरायझर फिल्टर ती काढतो. मोबाइलवर काढत असाल तर एकच फांदी उन्हाच्या विरुद्ध बाजूने, अगदी जवळून घ्या.

वर गेलात आणि सगळं ढगात असेल तर निराश होऊन परत फिरू नका. दूरचं दिसणार नाही, पण ओल्या हवेत जवळचा रंग गडद होतो आणि भिजलेल्या काळ्या खोडांवर पिवळा उठून दिसतो. लिम्बरलॉस्ट अशा दिवशी उलट जास्त सुंदर. दुपारपर्यंत ढग हलला नाही तर खाली उतरा, खोऱ्यात बहुतेक वेळा स्वच्छ असतं.

रविवारी थॉर्नटन गॅपहून उत्तरेला जा: मैल २०.८ चा हॉगबॅक, १७.१ चा रेंज व्ह्यू, मग हळूहळू उतरत मैल ४.६ चं डिकी रिज आणि फ्रंट रॉयलने बाहेर. लोक तेव्हा आत येत असतात आणि तुम्ही घरच्या दिशेने बाहेर पडत असता. शिवाय दोन तासांत तीन हजार फुटांवरून सहा-सातशे फुटांवर उतरताना रंगाचे सगळे टप्पे क्रमाने दिसतात.

शुक्रवारी निघण्याआधी मात्र पार्कचे वेबकॅम बघाच. माथ्यावरची झाडं भरलेली दिसली तर वरच्याच क्रमाने जा. उघडी दिसली तर शनिवारची सकाळ डिकी रिजच्या उतारावर घाला, आणि मग लुरेहून थॉर्नटन गॅपवरून पलीकडे स्पेरीव्हिलला उतरणाऱ्या २११ नंबरच्या रस्त्यावर फिरा. बिग मेडोजला गेलातच तर ओव्हरलूकवर उभं राहून समोर नको, खाली बघा. वर करडा, पायथ्याला हिरवा आणि मध्ये तांब्या-सोन्याचा आडवा पट्टा दिसेल. तो पट्टा ज्या उंचीवर असेल तिथे गाडी न्या.